हरणाची चाहूल आणि मनाचा कौल

या महिन्याच्या टपालातील तीन पत्रे एकत्र घेतली आहेत. ती वेगवेगळ्या ठिकाणांहून आली असली तरी विचारणा एकच आहे: हरणाच्या मागावर असताना मन जे सांगते त्यावर किती विसंबावे? पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या दोन्ही उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझे आजोबा कोयना खोऱ्यातले. १९७२ पूर्वी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती आणि ते भेकराच्या, सांबराच्या शिकारीला जात असत. ते नेहमी सांगत, ‘मन थांब म्हणालं की थांबायचं, अन् मन म्हणालं की बार काढायचा, विचार करत बसलास तर जनावर गेलं.’ मी कधी बंदूक हाती घेतली नाही. परवानगी काढून, वाटाड्याला बरोबर घेऊन मी हरणे पाहायला आणि त्यांची छायाचित्रे काढायला जातो. एखाद्या वळणावर मलाही एकाएकी वाटते की पुढे जनावर आहे. काही वेळा ते खरे निघते, पुष्कळदा मात्र काहीच दिसत नाही. अशी अंतःप्रेरणा खरोखर असते का, आणि तिच्यावर विश्वास ठेवावा का?
(पाटण तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : आपल्या आजोबांच्या वाक्याचे दोन भाग आहेत आणि त्या दोहोंना एकच उत्तर देता येणार नाही. मन थांब म्हणाले की थांबावे, हा पहिला भाग मला जसाच्या तसा मान्य आहे. मन म्हणाले की बार काढावा, हा दुसरा भाग मला मान्य नाही आणि त्याचे कारण केवळ कायदा हे नाही. कायद्याची बाजू आधीच सांगून टाकतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या नवव्या कलमानुसार आपल्याकडे हरणांच्या शिकारीला बंदी आहे, आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार करणाऱ्याला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे सातारा-सांगलीच्या रानात आज हरणाच्या मागावर जाणे म्हणजे ते पाहण्यासाठी जाणे, एवढाच अर्थ उरला आहे. मात्र माग काढण्याची विद्या शिकाऱ्याची आणि निरीक्षकाची एकच असल्यामुळे आपला प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

‘मन सांगते’ तेव्हा नेमके काय घडत असते, हे आधी पाहू. उन्हाळ्याच्या तोंडाला कोयनेच्या एखाद्या उतारावर कारवीचा आणि ऐनाचा वाळका पाला पसरलेला असतो. त्यावर रानकोंबडी उकरत असली तर तो आवाज सलग आणि घाईचा असतो. माणूस चालत असला तर पावलांना ठरावीक ताल असतो. भेकर चालते तेव्हा दोन-तीन पावले पडतात, मग पूर्ण शांतता, मग एखादेच पाऊल, आणि पुन्हा शांतता. मी अशा एका वाटेवर उभा असताना वाटाड्याने एकदम हात आडवा धरला. काय झाले असे खुणेने विचारले तर त्याला सांगता येईना. बराच वेळ टक लावून पाहिल्यावर जांभळाच्या खोडाआड एक कान हलला, माशी झटकावी तसा एकदाच, आणि त्या कानाच्या आधाराने हळूहळू भेकराचे डोके, डोळ्यांपासून शिंगांच्या बुडख्यांपर्यंत गेलेल्या काळ्या रेघा आणि लालसर पाठ उमगत गेली. नंतर खोदून विचारल्यावर वाटाड्या म्हणाला, ‘पाला वाजला, पन कोंबडीवानी न्हाई वाजला.’ फरक त्याच्या कानाने टिपला होता, पायाने त्याचा हुकूम मानला होता, आणि शब्द सगळ्यांत शेवटी आले होते. आपण जिला अंतःप्रेरणा म्हणतो ती बहुतेक वेळा अशीच असते. ती आकाशातून येत नाही. पूर्वी पाहिलेल्या आणि ऐकलेल्या शेकडो बारीक खुणा मन एका क्षणात ताडून पाहते आणि हिशेब न दाखवता केवळ उत्तर हाती ठेवते. गोठ्यातली म्हैस आज बिघडली आहे हे गवळ्याला तिने वैरण टाकण्याआधीच कळते, त्यातलाच हा प्रकार आहे.

मात्र असे उत्तर बरोबर केव्हा असते आणि केव्हा नसते, हा प्रश्न उरतोच. त्यावर मानसशास्त्रात बराच विचार झाला आहे. गॅरी क्लाइन यांनी आगीच्या प्रसंगी अग्निशमन दलाचे अधिकारी क्षणार्धात निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला आणि अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेची बाजू मांडली. डॅनियल कानेमन यांनी उलट माणसाचे सहज अंदाज किती सफाईने चुकतात हे दाखवून दिले. त्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन टोकांच्या या अभ्यासकांनी २००९ मध्ये एकत्र बसून एक लेख लिहिला आणि त्यात त्यांचे दोन अटींवर एकमत झाले. पहिली अट अशी की ज्या क्षेत्रात अंदाज बांधायचा त्यात काही स्थिर नियमितता असली पाहिजे. दुसरी अट अशी की आपला अंदाज बरोबर आला की चुकला हे माणसाला वेळोवेळी आणि लवकर कळले पाहिजे. या दोन्ही अटी पुऱ्या होत असतील तर मनाच्या कौलाला किंमत आहे. नसतील तर आतून कितीही खात्री वाटली तरी त्या खात्रीला पुरावा मानता येत नाही. मला हे विवेचन रानाला अगदी चपखल लागू पडते असे वाटते.

पहिली अट रानात पुरी होते. हरणाचे वागणे लहरी नसते. पहाटे आणि तिन्हीसांजेला चरणे, दुपारी सावलीत रवंथ करणे, पाण्यावर येताना आधी थांबून वास घेणे, हे सारे क्रमाने चालते. यांतही वारा सर्वांत महत्त्वाचा आहे. डोंगरात सकाळचे ऊन उतारावर चढू लागले की तापलेली हवा वर सरकते आणि संध्याकाळी गार हवा ओढ्या-नाल्यांच्या वाटेने खाली उतरते. म्हणून सकाळी जनावराच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळी खालच्या अंगाला राहिलात तर आपला वास त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा संभव कमी. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे दोनच प्रकार असतात, आपल्या डोळ्यात तीन. त्यामुळे तांबडा आणि नारिंगी रंग त्याला आपल्यासारखा उठून दिसत नाही, पण किंचितशी हालचाल मात्र तत्काळ दिसते. ज्याने या गोष्टी वर्षानुवर्षे अंगवळणी पाडल्या आहेत, त्याचे मन एखाद्या वळणावर थांब म्हणते तेव्हा वारा, वेळ आणि जागा यांचा मेळ बसलेला असतो.

अडचण दुसऱ्या अटीची आहे आणि आपल्या पत्रातच ती दिसते. ‘पुष्कळदा काहीच दिसत नाही’ असे आपण लिहिता. कोयनेच्या दाट रानात काही दिसले नाही याचे दोन अर्थ होतात: जनावर तेथे नव्हतेच, किंवा जनावर होते आणि आपल्याला न दिसता निघून गेले. दोन्ही वेळा आपल्याला सारखाच अनुभव येतो, म्हणून मन त्यातून काहीच शिकत नाही. त्यात भर अशी की खरे ठरलेले अंदाज लक्षात राहतात आणि फसलेले विसरले जातात. आजोबांच्या शिकारीच्या ज्या हकिकती चुलीपुढे बसून आपण ऐकल्या असतील, त्या बहुतेक साधलेल्या शिकारीच्याच असणार. मन म्हणाले म्हणून ज्या दिवशी ते तासन्‌तास बसून हात हलवत परतले, त्या दिवसाची गोष्ट कोण कशाला सांगेल? यात त्यांचा खोटेपणा नव्हता. माणसाची आठवण अशीच चालते.

यावर माझ्या मते दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे शिकण्यासाठी उघडे रान निवडावे. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य त्यासाठी फार सोयीचे आहे. उघड्याबोडक्या टेकड्यांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने माणसांनी लावून वाढवलेले हे रान जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे असून १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे चितळ, सांबर आणि काळवीट हे तिन्ही प्राणी आहेत. (काळवीट शास्त्रीयदृष्ट्या हरिणकुळातले नाही, ते गाय-बकरीच्या कुळातले आहे, त्याची शिंगे गळत नाहीत, सांबराची दरवर्षी गळतात. निरीक्षणाच्या अभ्यासाला मात्र दोन्ही सारखीच उपयोगी.) रान लहान, कुंपणाचे आणि बरेचसे विरळ असल्यामुळे ‘त्या झुडपामागे कळप असावा’ असे वाटले तर थोड्या वेळात त्याची शहानिशा होते. अंदाज आणि निकाल यांतले अंतर तेथे लहान असते, आणि मनाला वळण लागायला तेच हवे असते. कोयना किंवा चांदोलीच्या सदाहरित रानात थेट शिकायला सुरुवात करणे म्हणजे निकाल न कळणारी परीक्षा देत राहणे होय.

दुसरा उपाय वहीचा आहे. मनाने कौल दिला की जनावर दिसण्याआधी तेवढ्याच ठिकाणी थांबून तो लिहून काढावा: वेळ, वाऱ्याची दिशा, काय वाटले, आणि शक्य असेल तर का वाटले. नंतर निकाल लिहावा, आणि काही दिसले नाही तर वाट न सोडता जेवढी जमीन नजरेत येते तेवढी तपासावी. ओल्या मातीत भेकराचा खूर साधारण तीन सेंटिमीटरचा, टोकाला अणकुचीदार उमटतो. सांबराचा त्याच्या दुपटीहून मोठा आणि रुंद असतो. ताज्या लेंड्या ओलसर आणि चकचकीत असतात, जुन्या निस्तेज आणि तडकलेल्या. अर्धवट खुडलेला कोवळा शेंडा, खोडावर शिंगे घासल्याने निघालेली साल, हेही पुरावेच. पाऊस सोडून बाकीचे ऋतू अशी वही ठेवलीत तर कोणत्या प्रकारच्या जागी आपले मन विश्वासार्ह आहे आणि कोठे ते केवळ इच्छेपोटी बोलते, हे आपल्यालाच दिसू लागेल. काहींचे मन पाण्याकाठी बरोबर असते आणि उतारावर सपशेल फसते. ते प्रत्येकाचे वेगळे असते, म्हणून दुसऱ्याच्या वहीचा उपयोग नाही.

आता आजोबांच्या वाक्याकडे परत येतो. थांबण्याचा कौल आणि कृती करण्याचा कौल यांत मी भेद करतो, कारण दोन्ही चुकले तर होणारे नुकसान सारखे नाही. हरणे स्वतः हेच करतात. चितळांच्या कळपात एकीने मान वर करून कान टवकारले की बाकीच्याही माना वर करतात. क्वचित पुढचा पाय आपटला जातो, शेपटी उभी राहते, पण सगळा कळप लगेच उधळतोच असे नाही. थांबणे ताबडतोब होते, पळणे पारखून होते. भेकर तर दाट झाडीत काय आहे हे धड न दिसताही भुंकू लागते आणि बराच वेळ भुंकत राहते. म्हणून भेकर भुंकले म्हणजे बिबट्याच असला पाहिजे असे जाणकार मानत नाहीत. सांबराच्या ठणठणीत ‘ढांक’ आवाजाला ते अधिक वजन देतात. निष्कारण थांबल्याने हरणाचे फार तर चार घास चुकतात. थांबायला हवे होते तेथे न थांबल्यास जीव जातो.

आपल्या बाबतीतही हेच लागू आहे. मन थांब म्हणाले आणि पुढे काहीच नव्हते, तर पाच मिनिटे गेली. पण कोयना-चांदोलीच्या रानात गवा आहे, अस्वल आहे, बिबट्या आहे. पुढे जाऊ नये असे तीव्रतेने वाटले तर कारण शोधत बसू नये, वाटाड्याला खूण करून सरळ मागे फिरावे. अशा वेळी पुरावा मागणे हा अविचार आहे. उलट ‘आणखी थोडे जवळ गेलो तर छायाचित्र मिळेल, जनावर पळणार नाही’ असे मन सांगते तेव्हा त्याच्याकडे पुरावा मागितलाच पाहिजे, कारण तेथे बहुधा अनुभवाचे काही चालत नाही, हौस बोलत असते. जनावराने चरणे थांबवून आपल्याकडे रोखून पाहिले की आपण फार जवळ आलो आहोत हे समजावे आणि पाऊल मागे घ्यावे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. त्याचे सहकारी दर वर्षी हरणांच्या शिकारीला जातात, आणि या वर्षी तोही परवाना काढून त्यांच्याबरोबर जाणार आहे. फोनवर तो सांगत होता की तेथील जुने शिकारी त्याला म्हणाले, ‘जास्त विचार करू नकोस, आतून वाटेल तसे कर.’ आमच्या घरात कोणी कधी शिकार केलेली नाही. मला काळजी वाटते. त्याला मी काय सांगावे?
(सांगली येथील एक वाचक)

उत्तर : आपली काळजी मी समजू शकतो. शिकार मलाही रुचत नाही. परंतु तेथील परिस्थिती वेगळी आहे हे लक्षात घ्यावे. विस्कॉन्सिनमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार कायदेशीर आहे, तिला ठरावीक मोसम आणि परवाना असतो, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस येणाऱ्या बंदुकीच्या नऊ दिवसांच्या मोसमासाठी पाच लाखांहून अधिक लोक परवाने काढतात. एवढी माणसे एकाच वेळी रानात असतात, यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा घालण्याची तेथे सक्ती आहे. हरणाला तो रंग फारसा वेगळा भासत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला दुरून दिसतो.

जुन्या शिकाऱ्यांचा सल्ला कोठे बसावे, केव्हा गप्प राहावे, वारा फिरला म्हणून जागा केव्हा बदलावी, एवढ्यापुरता खरा आहे. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने त्यांना तो अधिकारही मिळाला आहे. आपल्या मुलाकडे मात्र तो अनुभव अजून नाही, आणि नवख्याचे ‘आतून वाटणे’ म्हणजे बहुतेक वेळा उत्सुकता आणि छातीची धडधड. पहाटेच्या अंधुक उजेडात तासन्‌तास शिंगांची वाट पाहणाऱ्या डोळ्याला फांद्यांतही शिंगे दिसू लागतात. यात डोळा अधू आहे असे नाही. जे हवे आहे ते अर्धवट खुणांतून पुरे करून दाखवण्याची मनाची ती जुनी सवय आहे. म्हणून तेथील शिकारीच्या प्रशिक्षणातला एक मूळ नियमच असा असतो की लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे दोन्ही निःसंशय दिसल्याखेरीज चापाकडे बोट न्यायचे नाही. ओळख दुर्बिणीने करायची, बंदुकीवरच्या दुर्बिणीने कधीही नाही, कारण ती रोखली म्हणजे बंदूकच रोखली.

आपण मुलाला एवढेच सांगा: गोळी झाडू नकोस असे आतून वाटले तर कोणी काहीही म्हणो, झाडायची नाही आणि त्याचे कारणही कोणाला द्यायचे नाही. गोळी झाड असे आतून वाटले तर त्या वाटण्याला शून्य किंमत द्यायची आणि डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टी एकेक करून तपासायच्या. हरीण निघून गेले तर जाऊ द्यावे. गोळी लागल्यानंतरही हाच विवेक लागतो. त्या क्षणी धावत मागे जावेसे वाटते, पण जखमी हरणाचा पाठलाग केला तर ते उरल्या बळाने दूर पळते आणि हाल होऊन मरते. न छेडता थांबले तर बहुधा जवळच बसते. म्हणून अनुभवी शिकारी निदान अर्धा तास जागचे हलत नाहीत. एका जिवाच्या यातना कमी करण्याचा हा नियम आहे आणि तो मोडण्याची ऊर्मी कितीही प्रबळ असली तरी मुलाने तो पाळावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्यासाठी पाणवठ्यावरील मचाणावर बसण्याची संधी मला मिळाली होती. मध्यरात्रीनंतर झुडपात हालचाल झाली आणि ते सांबरच आहे असे मला अगदी आतून जाणवले, पण दिसले नाही. माझ्या सोबत्याने नोंदवहीत सांबर लिहायला सांगितले. लिहायला हवे होते का?
(कडेगाव तालुक्यातील एक विद्यार्थी)

उत्तर : नाही. जे दिसले नाही त्याची नोंद प्राणी म्हणून करू नये. झुडपात रानडुक्कर असू शकते, कळपातून चुकलेले एखादे गुरूही असू शकते, आणि चांदण्यात सावल्या मोठ्या दिसतात. शिवाय रात्रभर सांबराची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या मनात पहिले नाव सांबराचेच येणार. खात्री नसलेले एक सांबर वहीत शिरले की ते खऱ्या नोंदींत मिसळते, आणि नंतर ते वेगळे काढण्याचा कोणताच मार्ग उरत नाही.

पण आपल्याला जे जाणवले ते वायाही घालवू नये. शेऱ्याच्या रकान्यात वेळ, दिशा, अंदाजे अंतर आणि आवाजाचे वर्णन लिहावे: काटकी मोडल्याचा आवाज होता की पाल्याचा, पाय आपटल्यासारखे वाटले का, ‘ढांक’ असा आवाज आला का. उजाडल्यावर वनरक्षकाबरोबर पाणवठ्याच्या काठाचा चिखल पाहावा. तेथे खुरांचे ठसे असतील तर शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून वरून सरळ छायाचित्र घ्यावे, आणि ठसा सांबराचा आहे असे वनरक्षकाने सांगितले तर नोंद ‘अप्रत्यक्ष पुरावा, ठसे’ अशी करावी, ‘सांबर १’ अशी नव्हे.